बांधावरची बाभूळ



वसंतात आंब्याचे नि पळसाचे गुणगान करण्याचा प्रघात असता आम्ही बाभळीवर बोलावयास उभे राहिलो, ही निवड कित्येकांस विक्षिप्त वाटेल. बाभूळ म्हटले की आपणांस पायात मोडलेला काटा तेवढा आठवतो. परंतु देशावरचा सारा संसार या काटेरी झाडाच्या आधाराने चालत असे. दात घासावयास तिची कोवळी काडी, लाडवांत तिचा डिंक, शेळ्यांना शेंगा, कुंपणास फांद्या आणि उरलेले सारे चुलीत.

तिची खरी पारख मात्र सुतारास. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा घ्या. सगळे आरे त्यातच बसावयाचे आणि भरल्या गाडीचा प्रत्येक धक्का त्यानेच सोसावयाचा! तेथे चिवट बाभूळच हवी. ओंडका आधी पाण्यात भिजत टाकावयाचा, मग सावलीत वाळवावयाचा, तेव्हा कोठे त्यास वाकस लागे. नांगर, कुळव, पाभर यांसही हेच लाकूड. त्यातही रामकाठी ही जात सरळ उंच वाढणारी; पिकावर तिची सावली फारशी पडत नाही, म्हणून शेतकरी तिला बांधावर सुखाने नांदू देई.

कोल्हापुरी चपलेस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे कातडे परंपरेने हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावतात. त्यास दिवस नव्हे, आठवडे लागतात. मानांकनाची बातमी आम्हीही अभिमानाने वाचली. साल कोठून आणावयाची, हा विचार आमच्या मनास शिवलाही नाही.

शिवावा तरी कसा? आमच्याच बांधावर सात रामकाठ्या होत्या. लोखंडी नांगर आला, रबरी चाकांची गाडी आली आणि आम्ही ती झाडे वीटभट्टीवाल्यास जळणाच्या भावाने विकली. तोडणाऱ्यांच्या कुऱ्हाडींचे दांडे बाभळीचेच होते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आम्हांस तेव्हा आठवली. सौदा मात्र आम्ही मोडला नाही. त्या जागी आता वेडी बाभूळ माजली आहे. ती अमेरिकेकडची, नावापुरतीच बहीण.

परवा कुदळीस दांडा हवा म्हणून आम्ही गावच्या वृद्ध सुताराकडे गेलो. तो म्हणाला, “अण्णा, लाकूड तेवढं घेऊन या. दांडा मी घालून देतो.”

आम्ही कुदळ तशीच परत आणली.