लढलेला माणूस बोलायला बसतो तेव्हा



समोर बरेच पालक कंपनीच्या युनिफॉर्मवरच बसलेले दिसतात. फर्स्ट शिफ्ट सुटली आणि बसमधून उतरून थेट शाळेत मुलांचा नाच बघायला आले. मीही तुमच्यातलाच. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनाचं काम शिकलो, पंधरा वर्षं नौदलात काढली आणि मग चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, नौदलावर बोला. मुलांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात, पण मला आज लढाईनंतरचं बोलायचं आहे.

पावसाळ्यात तुम्ही लोहगडावर जाता ना? 1713 साली हा गड मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्र्यांनी घेतला होता आणि त्यांच्यावर चालून आलेले शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्याच कैदेत होते. अशा वेळी शाहूंच्या बाजूने बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींशी बोलणी केली आणि 1714 मध्ये तह झाला. कान्होजींनी शाहूंची सत्ता मानली, पिंगळ्यांना सोडलं; सरखेलपद त्यांच्याकडेच राहिलं. समुद्रावर कुणाला न जुमानणारा हा माणूस बोलणीला बसला, म्हणून त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही.

आता अलीकडचं. स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ अकरा वर्षं आपल्या नौदलाचा प्रमुख इंग्रज अधिकारीच असे. 22 एप्रिल 1958 रोजी रामदास कटारी पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. मुंबईच्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर ते शिकले होते. निवृत्तीनंतर सरकारने त्यांना ब्रह्मदेशात राजदूत म्हणून पाठवलं. तिथे तेव्हा लष्करी राजवट होती, दुकानं आणि व्यापार सरकारने ताब्यात घेतला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली हजारो भारतीय कुटुंबं हातात मावेल तेवढं घेऊन मायदेशी परतत होती. तिथे जहाजाच्या तोफेचा काय उपयोग? शब्दच वापरायचे होते.

कटारींच्या कन्या ललिता यांचे पती म्हणजे ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. जन्म मुंबईत, माटुंग्याचा. 1971 च्या युद्धात ते ‘बियास’ युद्धनौकेचे कप्तान होते. बंगालच्या उपसागरातल्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे ते पश्चिम जर्मनीत, बॉनच्या आपल्या वकिलातीत नौदलाचे प्रतिनिधी होते. 1990 मध्ये ते नौदलप्रमुख झाले तेव्हा मी जहाजावर साधा खलाशी. मुलींनो, ऐका. वैद्यकीय शाखा सोडून इतर कामांसाठी नौदलात महिला अधिकारी घ्यायला सुरुवात झाली ती त्यांच्याच काळात, 1992 साली.

1993 ला ते निवृत्त झाले आणि अलिबागजवळच्या एका खेड्यात शेती करायला गेले. आंग्र्यांच्याच मुलखात. पण ते गप्प बसले नाहीत. भारत आणि पाकिस्तानातल्या सामान्य माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ते झटले, अण्वस्त्रांना उघड विरोध केला. 2004 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रेहमान यांच्यासोबत मिळाला. ज्या देशाशी ते लढले होते, त्याच देशातल्या माणसाच्या शेजारी उभं राहून त्यांनी तो सन्मान घेतला! पुढे ते आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले, तिथेही पक्षाला खरमरीत पत्र लिहिलं आणि 2015 मध्ये त्यांना बाजूला करण्यात आलं. त्यांची सगळी मतं पटलीच पाहिजेत असं नाही. मला मोल वाटतं ते याचं, की युद्ध काय असतं हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं, तोच शांततेबद्दल बोलत होता.

लढण्याइतकंच बोलणीला बसणंही मोलाचं असतं, हे मला नीट कळलं ते कारखान्यात. आमचा वेतनकरार एकदा वर्षाच्या वर अडकला होता. काळ्या फिती लावून काम चाललं होतं, घराघरांत हप्त्यांची काळजी. बोलणीत कंपनीने उत्पादनाचा नवा आकडा पुढे ठेवला आणि आमची मंडळी ओरडायला लागली. तीस वर्षं लेथवर काढलेले एक काका मात्र गप्प होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पार्ट लावायला किती सेकंद, काढायला किती, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. म्हणाले, “साहेब, धातूच्या चिप्स साफ करायचा वेळ तुम्ही धरलाच नाही. चला मशिनवर.” साहेब स्टॉपवॉच घेऊन खाली आले. काकांनी पाच पार्ट काढून दाखवले. त्या संध्याकाळी आकडा बदलला आणि पुढच्या महिन्यात करारावर सह्या झाल्या.

तुमच्यातले काही जण खडकवासल्याच्या एनडीएत जातील, काही चाकणला मशिनवर उभे राहतील, एखादी राजदूतही होईल. मे महिन्यात अलिबागला गेलात तर ओहोटीची वेळ विचारा आणि आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन या. आणि आज घरी गेल्यावर वडिलांना किंवा आईला एवढं विचारा, की तुमच्या कंपनीतला शेवटचा करार कसा झाला, आणि बोलायला कोण कोण बसलं होतं.