पूर्वेच्या पोथ्या आणि पश्चिमेची ग्रंथालयं



 चिनी, जपानी आणि कोरियन शिकवणाऱ्यांच्या या संमेलनाची अध्यक्ष म्हणून मला बोलायचं पुष्कळ आहे, आणि ते मुख्यतः मागच्या रांगांत बसलेल्या विद्यार्थ्यांशी बोलायचं आहे.

दर वर्षी जून-जुलैत पालक आणि विद्यार्थी एक प्रश्न घेऊन येतात. चीन आणि जपान शिकायचं, तर लंडनला, लायडनला किंवा हार्वर्डला कशाला जायचं? थेट बीजिंगला, क्योतोला, सोलला का नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर असं, की पूर्वेला जायलाच हवं, त्याला पर्याय नाही. पश्चिमेच्या विद्यापीठांत जे मिळतं ते मात्र वेगळं आहे, आणि त्याचा आपल्याशी, या मातीशी, फार जवळचा संबंध आहे.

पण आधी हे सांगते, की पश्चिमेतले पूर्व आशियाच्या अभ्यासाचे विभाग काही निव्वळ ज्ञानप्रेमातून उभे राहिले नाहीत. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये १८१४ साली आबेल-रेम्युसासाठी चिनीचं अध्यासन निघालं, ते बऱ्याच अंशी विद्येसाठी होतं. पण लायडनला १८५५ साली हॉफमन चिनी-जपानीचे प्राध्यापक झाले, त्यामागे नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरचा डचांचा दोन शतकांचा व्यापार होता. ऑक्सफर्डचे चिनीचे पहिले प्राध्यापक जेम्स लेग १८७६ साली नेमले गेले, ते त्याआधी हाँगकाँगमध्ये मिशनरी होते. त्यांनी कन्फ्यूशियसचे ग्रंथ इंग्रजीत आणले, पण त्या कामात वांग ताओ नावाचे चिनी पंडित त्यांच्याबरोबर होते. लेग यांच्या बोलावण्यावरून ते स्कॉटलंडला येऊन राहिले आणि अवघड जागी अर्थ उलगडून देत राहिले. अध्यासन लेग यांना मिळालं. वांग ताओंचं नाव प्रस्तावनेत राहिलं. वर्गात लेग यांचं भाषांतर काढताना मी ही दुसरी गोष्ट आधी सांगते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची कथा तर मला फार प्रिय आहे. १९०१ साली डीन लंग नावाच्या चिनी माणसानं तिथं चिनी विद्येच्या अध्ययनासाठी बारा हजार डॉलर दिले. हा कुणी धनिक नव्हता. होरेस कार्पेंटिअर या अमेरिकन श्रीमंताच्या घरचा तो नोकर. चिनी मजुरांना देशात येऊ न देण्याचा कायदा तेव्हा अमेरिकेत लागू होता. अशा देशात एका गड्यानं आपली पुंजी आपल्या संस्कृतीच्या अभ्यासासाठी द्यावी! मालकानंही मग त्यात मोठी भर घातली. आज त्या विभागात जगभरचे विद्यार्थी शिकतात.

त्यानंतर दुसरं महायुद्ध आलं. जपानी वाचणारी माणसं तातडीनं हवीत म्हणून लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये शाळकरी पोरांना घाईघाईनं जपानी शिकवलं गेलं. अमेरिकेच्या नौदलानंही आपली जपानी शाळा काढली. त्या शाळेत डोनाल्ड कीन शिकले. १९४० साली, अठराव्या वर्षी, टाइम्स स्क्वेअरजवळच्या दुकानात त्यांना ‘गेंजी मोनोगातारी’ या जुन्या जपानी कादंबरीचं आर्थर वेली यांनी केलेलं भाषांतर स्वस्तात मिळालं होतं, आणि ओढ तिथून लागली. युद्धात त्यांच्या हाती पडल्या त्या मेलेल्या जपानी सैनिकांच्या रोजनिशा. शत्रूच्या हस्ताक्षरातून त्यांना माणसं भेटली. पुढं अर्धशतकाहून अधिक काळ ते कोलंबियात जपानी साहित्य शिकवत राहिले आणि २०११च्या भूकंपानंतर, वयाच्या नव्वदीला टेकलेले असताना, त्यांनी जपानचं नागरिकत्व घेतलं. हे वर्ग युद्धासाठी निघाले, पण त्यांतून साहित्य जिवंत राहिलं, हे इथं नोंदवलं पाहिजे. आज आपल्याकडं कोरियन मालिका आणि गाणी ऐकून मुलंमुली वर्गात येतात, त्यावर नाक मुरडणाऱ्या सहकाऱ्यांना मी कीन यांचं ते स्वस्तातलं पुस्तक आठवायला सांगते. कुठल्या का दारानं असेना, मूल आत आलं पाहिजे.

आता पश्चिमेच्या विद्यापीठांत नेमकं मिळतं काय, ते सांगते. मिळतो तो वाचनाचा वर्ग.

मी लंडनला शिकत होते तेव्हा आठवड्यातून एकदा अभिजात चिनीचा वर्ग असे. एका सत्रात आम्ही भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याच्या प्रवासवृत्ताचा अकरावा खंड वाचायला घेतला. हा ग्रंथ ६४६ साली पुरा झाला. हातात तैशो त्रिपिटक या चिनी बौद्ध ग्रंथांच्या जपानी आवृत्तीतल्या पानांच्या झेरॉक्स प्रती होत्या. पानावर तीन आडवे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात उभ्या ओळी, ओळीला सतरा अक्षरं. मध्ये मध्ये वाक्य तोडणारे छापील ठिपके. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्या ठिपक्यांवर विसंबू नका, ते पुष्कळदा चुकीच्या जागी पडलेत. वाक्य कुठं संपतं हे आधी स्वतः ठरवा, मग अर्थाला हात घाला. दोन तासांत पाच-सहा ओळी व्हायच्या. ओसाकाची मुलगी त्याच ओळी जपानी क्रियापदं शेवटी नेऊन वाचायची, सोलचा मुलगा कोरियन उच्चारांनी, तैपेईची मुलगी मँडरिनमध्ये. अक्षरं तीच, सूर तीन. अडलं की सगळ्यांनी उठून मोरोहाशींच्या चिनी-जपानी महाकोशाशी जायचं. एकट्या माणसानं हाती घेतलेला तेरा जाडजूड खंडांचा तो कोश. १९४५च्या बाँबहल्ल्यात त्याच्या छपाईचे तयार ठसे जळाले. संपादकांची दृष्टीही त्या कामानं अधू झाली, तरी त्यांनी तो पुन्हा उभा केला. कोश उघडताना आमच्यातलं कुणी मोठ्यानं बोलत नसे.

आणि त्या अकराव्या खंडात येतो तो महाराष्ट्र. इथली माणसं उंच, साधी, ताठ. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत. सूड घ्यायचा तरी शत्रूला आधी कळवून घेतात, असं तो यात्रेकरू लिहितो. राजा पुलकेशी, ज्याला हर्षवर्धनही नमवू शकला नाही. आणि राज्याच्या पूर्व सीमेवर डोंगरात कोरलेला मोठा विहार, अचल नावाच्या अर्हतानं उभारलेला, दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. हे हत्ती कधीकधी ओरडतात आणि जमीन हादरते, अशी तिथली लोकसमजूतही त्यानं टिपली आहे. बहुतेक अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याशी जोडतात. तो स्वतः तिथं गेला की ऐकीव माहिती लिहिली, यावर वाद आहे. वर्गात अजिंठा पाहिलेली मी एकटीच होते. सोळाव्या लेण्याच्या खालच्या दाराशी कोरलेले दोन हत्ती मी फळ्यावर काढून दाखवले, आणि सव्विसाव्या लेण्यातल्या संस्कृत शिलालेखात स्थविर अचलाचं नाव येतं, तेही सांगितलं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि उरलेला तास त्याच चर्चेला दिला. चिनी ग्रंथ, संस्कृत लेख आणि कोरलेला दगड एका टेबलावर आले होते. तिघांनाही ओळखणारं माणूस तिथं हवं होतं.

ह्युएन त्संगच्या या ग्रंथाची युरोपला ओळख करून दिली ती पॅरिसच्या स्तानिस्लास ज्यूलियाँ यांनी, १८५७-५८ साली. चीन त्यांनी कधी पाहिला नाही. पण चिनी अक्षरांत बुडालेली भारतीय नावं ओळखायची म्हणून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि त्या नावांचा छडा लावायची पद्धत सांगणारं स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पुढं बील आणि वॉटर्स यांची इंग्रजी पुस्तकं आली. पुलकेशीविषयी आपण शाळेत जे शिकतो, त्यातला चिनी यात्रेकरूचा भाग याच वाटेनं आपल्यापर्यंत पोचला.

उलट दिशेचा प्रवासही आहे. १८७९ साली नांजो बुन्यू आणि कासाहारा केंजू हे दोन तरुण जपानी भिक्षू संस्कृत शिकायला ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरकडं आले. चिनी त्रिपिटकाची सूची नांजोंनी १८८३ मध्ये तिथंच छापली. कासाहारा क्षयानं आजारी पडून मायदेशी परतले आणि १८८३ मध्येच गेले. मॅक्स म्युलरचाच विद्यार्थी ताकाकुसु जुंजिरो पुढं त्या शंभर खंडांच्या तैशो त्रिपिटकाचा संपादक झाला. म्हणजे ज्या पानांवर आम्ही लंडनला डोकं खपवत होतो, ती पानं ऑक्सफर्डला संस्कृत शिकलेल्या एका जपानी माणसाच्या हाताखालून गेली होती.

आपल्या पुण्याच्या पुरुषोत्तम विश्वनाथ बापटांकडं मी याच नजरेनं पाहते. धर्मानंद कोसंबींच्या हाताखाली पाली शिकलेला हा फर्ग्युसनचा माणूस हार्वर्डला गेला आणि १९३२ मध्ये डॉक्टरेट घेऊन आला. विषय कोणता? ‘विमुत्तिमग्ग’. या ग्रंथाचं पाली मूळ हाती नाही, तो पूर्ण स्वरूपात उरला तो फक्त चिनी भाषांतरात. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शी त्याची ओळीला ओळ लावून केलेली तुलना १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाली. १९७० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, हिराकावा आकिरा यांच्याबरोबर विनयाच्या अट्ठकथेच्या चिनी आवृत्तीचं त्यांनी केलेलं भाषांतर भांडारकर संस्थेनं काढलं. पाली त्यांनी घरून नेली होती. तिच्या जोडीला परदेशात जे मिळालं, ते घेऊन ते परत आले आणि उरलेलं आयुष्य त्यावर काम करत राहिले.

माझं म्हणणं एवढंच आहे. पूर्व आशिया शिकायला निघणाऱ्या मराठी मुलामुलींनी रिकाम्या हातानं जाऊ नये. आज पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, परीक्षा केंद्रांबाहेर रांगा लागतात, आणि त्यांतली बरीचशी मुलं कंपन्यांमध्ये दुभाषे, अनुवादक म्हणून सन्मानानं कमावतात. त्याविषयी मला आदरच आहे. पण त्यांतल्या दहांनी तरी जपानीच्या एन-टू परीक्षेच्या पुढं जाऊन जुनी जपानी आणि अभिजात चिनी शिकावी, आणि जाण्याआधी दोन वर्षं पाली किंवा संस्कृत नीट करावी. परदेशातल्या वर्गात इंग्रजीत आपण सगळ्यांच्या बरोबरीचे असतो. पाली-संस्कृतमुळं आपण त्या वर्गाला काही देऊ शकतो.

तयारीविषयी स्पष्ट बोलते, म्हणजे नंतर कुणी मला दोष देणार नाही. जुन्या चीनवर अमेरिकेत डॉक्टरेट करायची, तर आधुनिक चिनी आणि अभिजात चिनी तर लागतेच, जपानी वाचताही यावी लागते, कारण गेल्या शतकातलं सर्वांत बारीक काम जपानी अभ्यासकांनी केलेलं आहे. बहुतेक ठिकाणी फ्रेंच किंवा जर्मनही मागतात. भाषा पक्की करायला मधलं एखादं वर्ष योकोहामा किंवा तैपेईला काढावं लागतं. सहा-सात वर्षं सहज जातात. जपान सरकारची, जपान फाउंडेशनची, कोरिया फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळू शकते; अर्ज वर्षभर आधी तयार हवा आणि त्यात कोणता ग्रंथ वाचायचा आहे ते नावानिशी लिहिलेलं हवं. ‘जपानी संस्कृतीची आवड आहे’ असं लिहिलेले अर्ज मी बरेच वाचले आहेत, आणि ते बाजूला पडताना पाहिले आहेत.

एक सल मात्र लपवून ठेवायची नाही. या ग्रंथालयांतलं सगळंच तिथं सन्मानानं आलेलं नाही. १९०७ मध्ये संशोधक ऑरेल स्टाइननं पश्चिम चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेतून वांग युआनलू या ताओपंथी राखणदाराला थोडकी रक्कम देऊन पोथ्यांच्या पेट्या नेल्या. पुढच्या वर्षी पॉल पेलिओ आले. चिनी चांगली वाचता येत असल्यानं त्यांनी निवडून निवडून नेल्या. ८६८ सालचं छापील वज्रच्छेदिका सूत्र आज लंडनला आहे. आठव्या शतकात भारतात फिरलेल्या कोरियन भिक्षू ह्येचोचं प्रवासवृत्त पॅरिसला आहे. चिनी अभ्यासकांच्या मनात याची जखम आजही ओली आहे आणि मी त्यांच्याशी सहमत आहे. त्या पोथ्यांची चित्रं आता संगणकावर सर्वांना पाहता येतात, ही चांगली गोष्ट आहे, पण त्यानं मालकीचा प्रश्न मिटत नाही. तिथं बसून पोथी वाचणाऱ्यानं ती तिथं कशी आली हे माहीत करून घेतलं पाहिजे आणि आपल्या लेखात ते लिहिलं पाहिजे.

शिवाय ही विद्यापीठंसुद्धा कायमची नसतात. इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठानं पूर्व आशियाचा विभाग बंद करण्याचा निर्णय २००३ साली घेतला. ज्या भाषेला नोकरीचा बाजार नाही तिचा वर्ग आधी बंद होतो, आणि अभिजात चिनी त्यांतलीच. म्हणून मी या संमेलनापुढं तीन गोष्टी मांडते. पुढच्या वर्षापासून आपण सगळ्यांनी मिळून शनिवारचा एक वाचनवर्ग पुण्यात सुरू करू, फी न घेता, आणि पहिला पाठ तोच, अकराव्या खंडातला महाराष्ट्र. पालीचे, चिनीचे आणि जपानीचे शिक्षक एकाच टेबलाशी बसतील, आणि सत्राच्या शेवटी तेवढ्या भागाचं मूळ चिनीवरून केलेलं टिपांसह मराठी भाषांतर आपण छापू. दुसरं, निवृत्त शिक्षकांच्या घरी पडून असलेले कोश आणि व्याकरणं एका जागी आणून त्यांची सूची करू. आणि तिसरं, परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विनंती करू, की आपल्या प्रबंधातलं किमान एक प्रकरण मराठीत लिहून द्या. पहिल्या कामासाठी नावं नोंदवायची वही मी चहाच्या टेबलाशी ठेवली आहे. माझं नाव तिच्यात आहेच.