झाडाची जखम भरत नाही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

माझी नोकरी कॉम्प्युटरची, पण आज बोलणार आहे झाडाबद्दल. मैदानाच्या कडेचा तो आंबा सगळ्यांना आठवतो. किन्हवलीकडचे आम्ही आणि सरळगावहून एसटीने येणारे मुरबाडकर, सगळ्यांचे डबे त्याच्याखाली सुटायचे.

आधी एक कबुली देते. आठवीत असताना मी कंपासपेटीतल्या कर्कटकाने त्याची साल खरवडून माझं नाव कोरलं होतं. ते कोणी कोरलं, हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. सर, ती मी होते. आज सकाळी जाऊन पाहिलं. अक्षरं रुंद आणि वेडीवाकडी झाली आहेत, पण उंची तीच आहे. झाड शेंड्याकडे वाढतं, खोडावरची खूण वर सरकत नाही.

इतक्या वर्षांत ती जखम भरली का नाही? अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून आत काय होतं ते पाहिलं आणि १९७७ मध्ये ते सविस्तर मांडलं. आपल्याला खरचटलं की जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाला ते जमत नाही. ते बिघडलेला भाग कोंडून टाकतं. वर-खाली पाण्याच्या नळ्या बुजवतं. सागाच्या नळ्यांत तर पेशी फुग्यासारख्या फुगून वाट बंद करतात. आतल्या बाजूला आणि दोन्ही कडांनाही अडसर उभे राहतात. सगळ्यात भक्कम भिंत असते जुन्या आणि नव्या लाकडाच्या मध्ये. बुरशी आत अडकते आणि झाड तिच्याबाहेर वाढत राहतं. आमच्याकडे एखाद्या सर्व्हरमध्ये व्हायरस शिरला, तर आम्हीही आधी तो बाकीच्यांपासून तोडतो.

झाडाला रक्त नाही, त्यामुळे धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशीही नाहीत. जी पेशी जिथे आहे, तिथेच तिला लढावं लागतं. पानावर रोग बसला की कित्येकदा आजूबाजूच्या पेशी स्वतःहून मरतात, म्हणजे रोगाला पुढे खायला काही उरत नाही. मग सॅलिसिलिक आम्लाच्या मदतीने दूरची पानंही सावध होतात.

झाडांची ही हत्यारं आपल्या घरात आहेत. बाळंतिणीच्या लाडवातला धावड्याचा डिंक म्हणजे झाडाने आपल्या जखमेवर आणलेला लेप. विड्यातला काथ खैराच्या गाभ्यातला. लाकूड कुजू नये म्हणून झाड असे रस गाभ्यात साठवतं. तो काथ पाडायच्या कामावरूनच आपल्याकडच्या कातकरी समाजाला नाव मिळालं, असं सांगतात.

आता मुद्द्यावर येते. आपल्या बॅचने वर्गणी काढून त्या आंब्याला सिमेंटचा पार बांधायचा आणि सगळ्यांच्या नावांची पत्र्याची पाटी खोडावर खिळ्यांनी ठोकायची ठरवली आहे. ग्रुपवर मीही अंगठा दाखवला होता. तो आज मागे घेते.

कारण भिंत बांधायला झाडालाही खर्च येतो. पानांनी केलेलं आणि खोडा-मुळांत साठवलेलं अन्न त्यात जातं. मुळं सिमेंटखाली गुदमरली, तर ना पाणी मुरतं ना हवा, आणि साठा आटतो. प्रत्येक खिळा म्हणजे आणखी एक जखम, आणखी एक भिंत. तरणं झाड हे सोसतं. आपला आंबा आपण शाळेत होतो तेव्हाच म्हातारा होता.

म्हणून विनंती आहे. पाटी करूया, पण ती खोडापासून लांब, एखाद्या दगडावर बसवूया. पाराच्या जागी रुंद आळं करू, त्यात पालापाचोळा राहू देऊ. उरलेल्या पैशांतून बसायला सुटे बाक घेऊ. सरांनी आणि बाईंनी होकार दिला, तर उद्याच ठेकेदाराला फोन करते.

खोडावर नाव हवंच असेल, तर माझं आहे तिथे. तेवढं एक पुरे.