लांब पल्ल्याचे जलतरण : वेळेचे गणित



क्षिप्रातीरी वसलेल्या उज्जैन नगरीला पोहणे नवे नाही. नदी जलतरणपटूस निर्भय बनविते. मात्र शर्यतीची वेळ सुधारावयाची तर स्थिर पाण्याचा तलाव, घड्याळ व नोंदवही यांचीच कास धरावी लागते.

मध्य प्रदेशाचे जलतरणपटू अद्वैत पागे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १५०० मीटर मुक्तशैलीची अंतिम शर्यत १५ मिनिटे ३२.३६ सेकंदांत पूर्ण करून सातवे स्थान मिळविले. पन्नास मीटरच्या तलावात या शर्यतीच्या ३० फेऱ्या होतात. म्हणजे दर फेरीस सरासरी सुमारे ३१ सेकंद. फेरीमागे एक सेकंद वाचला तरी एकूण अर्धा मिनिट वाचतो.

नवोदित जलतरणपटू आरंभीच शक्ती खर्ची घालतात. वेग वाढताच पाण्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून समगती हीच खरी काटकसर होय.

ज्याचे लक्ष्य २० मिनिटे आहे, त्याने प्रत्येकी १०० मीटरचे दहा टप्पे ८० सेकंदांत, मध्ये २० सेकंद विश्रांती घेऊन पोहावेत. अखेरचे टप्पे मंदावल्यास लक्ष्य तूर्त अवाजवी समजावे. दहाही टप्पे साधले म्हणजे विश्रांती क्रमाने १५ व १० सेकंदांवर आणावी आणि त्यानंतरच वेग वाढवावा. प्रत्येक फेरीतील हातांची संख्याही मोजावी. वेग तोच असून ती वाढू लागली, तर थकव्याने हाताची पाण्यावरील पकड सुटत आहे, असे प्रशिक्षकांनी ओळखावे आणि प्रथम ती सुधारून घ्यावी.