पासबुकातली अनोळखी नोंद

आम्ही घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातल्या बचत गटांचं काम बघतो. आज पासबुकाबद्दल बोलायचंय. हाताशी असेल तर घेऊन बसा, नसेल तर भाजी निवडत ऐका.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. असल्फ्याच्या टेकडीवर राहतात, चार घरी स्वयंपाक करतात. पगार आता रोख मिळत नाही, सगळ्या बायका खात्यावर टाकतात. मावशी कार्डानं पैसे काढतात, आणि वेळ नसला की सूनबाई काढून आणते. पासबुक मात्र सहा-सहा महिने भरलेलं नसतं. आपल्यापैकी किती जणींचं भरलेलं असतं, ते आपलं आपल्याला माहीत!

जूनअखेरीला मावशींनी पासबुक भरून घेतलं, तर फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे अशा चार महिन्यांत दर वेळी ७ तारखेला ६०० रुपये गेलेले. जूनमध्ये ६०० नाही, पण २९५ गेलेले. मावशींनी कुणाला काही विचारलं नाही. कार्ड कपाटात कुलपाखाली गेलं आणि सुनेला पैसे काढायला सांगणं बंद झालं. सुनेला कारण कुणी सांगितलं नाही, पण ते न कळण्याएवढी ती लहान नव्हती. घरात भांडण नाही, आणि बोलणंही नाही.

पंधरा दिवसांनी बैठकीत मावशींनी पासबुक आमच्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "माझ्या घरात चोर आहे."

आम्ही नोंद वाचली. आधी ए-सी-एच अशी तीन इंग्रजी अक्षरं, पुढे एका कंपनीचं नाव, ते आम्हीही कधी ऐकलेलं नव्हतं. पण त्या तीन अक्षरांवरून एवढं कळलं, की हे पैसे मशीनमधून कुणी काढलेले नाहीत. कार्डानं रोख काढली की नोंदीत ए-टी-एम असं येतं. ए-सी-एच किंवा एन-ए-सी-एच म्हणजे 'दर महिन्याला माझ्या खात्यातून इतके कापा' अशी परवानगी कुणाला तरी दिलेली आहे. बँकवाले तिला मॅन्डेट म्हणतात. कर्जाचे हप्ते असेच कापले जातात.

मावशींना घेऊन बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "मॅन्डेट तुम्हीच दिलंय, जानेवारीत." मावशी भडकल्या. मी कशाला देऊ? मग साहेबांनी तारीख वाचली, संक्रांतीनंतरची, आणि मावशी गप्प झाल्या.

त्या दिवशी स्टेशनबाहेर दोन पोरं उभी होती. एकसारखे टी-शर्ट, हातात पाटीसारखा मोठा मोबाईल, त्यावर आजारी मुलांचे फोटो. पोरं गोड बोलणारी. म्हणाली, "मावशी, दिवसाला फक्त वीस रुपये." मावशींच्या कानात 'वीस रुपये' राहिलं, 'दिवसाला' राहिलं नाही. सुट्टे काढायला लागल्या तर पोरं म्हणाली रोख चालत नाही, कार्ड द्या. कार्डाचा नंबर टाकला, फोनवर आलेला ओटीपी मावशींनी वाचून दाखवला, वीस रुपयांचं पुण्य झालं म्हणून घरी आल्या. दिवसाला वीस, म्हणजे महिन्याला ६००. पोरं खोटं बोलली असं म्हणता येत नाही, आणि मावशींना समजलं होतं असंही म्हणता येत नाही. आमच्या मते, ज्या बाईला आकडा दिवसाचा सांगितला आणि कापला महिन्याचा, तिची संमती अर्धीच होती. पण बँकेच्या लेखी ओटीपी म्हणजे सही.

आणि ते २९५? जूनमध्ये नातवाच्या शाळेची फी भरली, खात्यात पैसे उरले नाहीत, हप्ता परत गेला. परत गेला की बँक दंड घेते. इथे २५० दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४५ रुपये. प्रत्येक बँकेचा दंड वेगळा असतो. देणगीचा हप्ता चुकला म्हणून दंड, हे ऐकून गटातल्या सगळ्या हसल्या, मावशी सोडून.

नाव अनोळखी का होतं? कारण पैसे गोळा करून देणारी कंपनी मधे असते आणि पासबुकात पुष्कळदा तिचंच नाव उमटतं. पावत्या येत होत्या, पण फॉर्मवर मुलाचा ईमेल दिला होता, आणि तो बघतोय कशाला!

हे काही गरिबाघरीच होतं असं नाही. आमच्या एका ताईंची लेक अमेरिकेत असते. तिथे पीबीएस म्हणून लोकांच्या देणगीवरही चालणारा टीव्ही आहे. आपल्या भागातल्या केंद्राला महिन्याला साधारण पाच डॉलर दिले की त्यांचे जुने कार्यक्रम हवे तेव्हा बघता येतात. त्या केंद्रांची नावं चार अक्षरांची असतात, सॅन फ्रान्सिस्कोचं के-क्यू-ई-डी आहे तसं. लेकीच्या कार्डावर असंच एक चार अक्षरी नाव दर महिन्याला दिसायला लागलं. फसवणूक समजून ती कार्ड बंद करायला निघाली होती. मग आठवलं, एक मालिका बघायची म्हणून सहा महिन्यांपूर्वी तिनंच बटण दाबलं होतं. शिकलेली, इंग्रजीत काम करणारी मुलगी!

आपल्याकडे आकाशवाणी ऐकायला कुणी देणगी मागत नाही. आजीच्या काळी रेडिओचं लायसन असायचं, पोस्टात जाऊन फी भरायची. पैसे कशाचे हे तरी तेव्हा कळायचं.

गावाकडच्या मैत्रिणींना वेगळी नोंद दिसेल. मेअखेर-जूनच्या सुमाराला २० रुपये किंवा ४३६ रुपये गेले असतील, तर घाबरू नका. २० म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाताचा. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा. दोन्ही वर्षातून एकदा कापले जातात, दोन्ही दोन लाखांचे. २०२२ च्या जूनआधी हेच १२ आणि ३३० होते, म्हणून जुन्या पासबुकात आकडा वेगळा दिसेल. हा विमा बंद करायच्या आधी दहादा विचार करा. आणि ४३६ कापले जातात हे घरात सांगून ठेवा. बाई गेल्यावर विमा होता हेच घरच्यांना माहीत नसेल, तर दावा कोण करणार?

आता खरी चोरी. परवानगी दिलेली नाही, ओटीपी सांगितलेला नाही, तरी पैसे गेले, तर 'उद्या बघू' नको. रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या जुलैत परिपत्रक काढलं. त्यात आहे, की चूक आपली नसेल आणि बँकेचीही नसेल, तर कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं की नुकसान आपल्यावर येत नाही. उशीर झाला की थोडा भार आपल्यावर येतो. फसवणूक असेल तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. आणि मोबाईल नंबर बदललात तर बँकेत नवा नंबर आधी द्या, नाहीतर मेसेज जुन्या नंबरवर जात राहतील आणि आपल्याला कळणारच नाही.

फोनवरच्या पैशांच्या ॲपमधून परवानगी दिली असेल, तर ती त्याच ॲपमध्ये 'ऑटोपे' लिहिलेल्या जागी दिसते आणि तिथूनच बंद करता येते. भाच्याला, मुलीला दाखवायला सांगा, पण पिन आपला आपणच टाका.

मावशींचं मॅन्डेट कागदावरच्या अर्जानं बंद झालं. अर्ज मराठीत चालतो. खाते क्रमांक, कापलेली रक्कम, तारखा, नोंदीतलं नाव जसंच्या तसं, आणि 'हे मॅन्डेट रद्द करावे' एवढं एक वाक्य. दोन प्रती करायच्या, एकीवर शिक्का घेऊन ती आपल्याकडे ठेवायची. संस्थेलाही फोन केला. त्यांनी वाद घातला नाही, पुढचे हप्ते थांबवले. आधीचे २४०० परत मागायचे का, असं आम्ही विचारलं. मावशी म्हणाल्या, "पोरांच्या औषधाला गेले ना, राहू देत. पण ते २९५ मला मिळायला पाहिजेत." ते मिळाले नाहीत. बँकेत आणखी एक अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

दोन्ही अर्ज सुनेनं लिहिले. तिचं अक्षर चांगलं आहे. लिहायला बसवताना मावशींनी कपाटाचं कुलूप काढलं आणि कार्ड तिच्यासमोर ठेवलं, नंबर बघून लिहायला. अर्ज झाला, पण कार्ड पुन्हा कपाटात गेलं नाही.