माळ म्हणजे पडीक नव्हे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



महाबळेश्वराहून पूर्वेला निघा. माथ्यावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथे जांभूळ, अंजनी, पिसा यांचे बारमाही हिरवे रान. शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यातले दहिवडी येते, तिथे पाऊस जेमतेम पाचशे. समुद्रावरून आलेले ढग घाट चढतानाच रिते होतात; पलीकडे उतरणारी हवा तापते, कोरडी पडते. कोणी कधीच कुऱ्हाड चालवली नसती, तरी महाबळेश्वरचे रान दहिवडीला उगवले नसते.

तिथे उगवते हिवर, बोर, बाभूळ आणि मधल्या मोकळ्या जागेत कुसळ, पवन्या, मारवेल. पाने बारीक, काटे भरपूर. पाणी उडू न देण्याची ही युक्ती. गवताची युक्ती त्याहून भारी. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे, म्हणून ते वरून वाळून जाते आणि जीव मुळाशी राखते. पहिल्या सरीला पुन्हा फुटते. उथळ मुरमावर मोठ्या झाडाला हे जमत नाही.

आफ्रिकेतही हाच हिशोब आहे. गिनीच्या आखाताकाठी घनदाट जंगल, उत्तरेला पाऊस घटत जातो तसा गवताचा मुलूख, शेवटी सहारा. त्या गवताच्या पट्ट्यातलीच आपली ज्वारी. पाच हजार वर्षांपूर्वी ती पिकवल्याच्या खुणा पूर्व सुदानात सापडल्या आहेत. ताण पडला की पान गुंडाळून थांबायचे आणि पाऊस आला की पुन्हा वाढायचे, हे तिला कोणा विद्यापीठाने शिकवले नाही. कोरडवाहू रानात गव्हापेक्षा ती का तग धरते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. उलट लांब मुदतीच्या संकरित कपाशीला बोंडे भरायला पाणी लागते ते पाऊस परतल्यावर. हलक्या रानात ती तिथेच मार खाते.

आता सरकारकडे बघा. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी माळ पडीक म्हणून मोजले आहेत. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने ५० कोटी झाडांचे लक्ष्य धरले होते. आमचा झाडांना विरोध नाही. ओढ्याकाठी, बांधावर, उजाड झालेल्या जंगलात जरूर लावा. पण जित्या माळावर खड्डे घेतले की गवत उखडते, चराई बंद होते, आणि उन्हाळ्यात रोप जळून जाते. मेंढपाळ हटतो, शेतात मेंढरे बसायची थांबतात, लेंडीखताची जागा विकतची गोणी घेते. माळढोकही गवतातलाच पक्षी. त्याच्यासाठी नान्नजचे अभयारण्य १९७९ साली झाले, तेही घनदाट जंगलात नव्हे, सोलापूरच्या माळावर!

तेव्हा योजना घेऊन कोणी गावात आले, तर ग्रामसभेत विचारा: इथे पाऊस किती, मुरूम किती खोल, आज कोणते गवत आहे, त्यावर कोणाची किती जनावरे जगतात? उत्तरे ठरावात लिहून घ्या, आणि तोवर खड्डा खणू देऊ नका.