कमी बोलीची खरी किंमत



मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापड नेणारा ट्रक अडवताना बाबू गेनू या तरुण गिरणी कामगाराने प्राण दिले. तेव्हाचा परकीय माल रस्त्यावरून जात असे. तो दिसे, म्हणून अडवताही येई. आजचा मोठा माल निविदेच्या लिफाफ्यातून येतो. त्यावर सक्षम अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या असतात, सर्व कागद नियमात बसलेले असतात आणि उद्घाटनाच्या दिवशी त्याला हारही घातला जातो.

२०१६ च्या दिवाळीत चिनी दिव्यांच्या माळा घेऊ नका, असे आवाहन घरोघरी पोहोचले होते. अनेक कुटुंबांनी ते मनापासून पाळले. त्याच सुमारास नागपूर मेट्रोच्या ६९ डब्यांचे, ८५१ कोटी रुपयांचे कंत्राट सीआरआरसी या चिनी सरकारी कंपनीकडे गेले. एवढ्या रकमेत किती माळा येतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. यात कोणी गैरव्यवहार केला असे सुचवायचे नाही आणि सरकार कोणाचे होते हा मुद्दाही येथे गौण आहे. तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी ज्याची बोली सर्वांत कमी, त्याला काम, असा नियम होता. अधिकाऱ्यांनी तो पाळला. गाड्या आल्या आणि धावूही लागल्या. प्रश्न आहे तो या नियमाचा. ‘सर्वांत कमी’ म्हणजे नेमके काय आणि ते किती वर्षांसाठी मोजायचे?

सीआरआरसी ही नेहमीच्या अर्थाने व्यापारी कंपनी नव्हे. चीनने आपल्या दोन सरकारी रेल्वे कंपन्या २०१५ मध्ये एकत्र करून ती उभी केली. रेल्वेचे डबे आणि इंजिने बनवणारी ती आज जगातील सर्वांत मोठी कंपनी आहे. तिच्यामागे एका बलाढ्य राज्यसत्तेची तिजोरी आहे. बँकेचे व्याज भरून कारखाना चालवणाऱ्या उद्योजकाने तिच्याशी दरात झुंजायचे तरी कसे? बल्गेरियातील २० विद्युत गाड्यांच्या निविदेत तिच्या उपकंपनीने स्पर्धकाच्या जवळपास निम्मीच बोली लावली होती. त्या देशाला स्वस्त मिळते तर मिळू द्यावे, असे युरोपीय आयोगाने म्हटले नाही. एवढे स्वस्त कोणाच्या पैशाने परवडते, याची चौकशी त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली आणि मार्चमध्ये कंपनीने आपली बोलीच मागे घेतली.

अमेरिकेतील बोस्टन शहराची कथा तर प्रत्येक महापालिकेच्या स्थायी समितीत वाचून दाखवावी अशी आहे. तेथील परिवहन प्राधिकरणाने २०१४ मध्ये भुयारी रेल्वेच्या २८४ डब्यांचे काम सीआरआरसीच्या पूर्वसुरी कंपनीला दिले. बोली होती सुमारे ५६ कोटी ७० लाख डॉलरची. कोरियाच्या ह्युंदाई रोटेमने ७२ कोटी डॉलरहून अधिक मागितले होते, तर बम्बार्डियरने त्याहूनही पुष्कळ जास्त. करदात्यांचा पैसा वाचला म्हणून समाधान व्यक्त झाले. पुढे आणखी १२० डब्यांची मागणी वाढवण्यात आली. मग विलंब सुरू झाला. डब्यांतील दोष निघाले, गाड्या मार्गावरून काढून घ्याव्या लागल्या आणि २०२३ पर्यंत मिळायचे डबे त्या वर्षअखेरही पूर्ण मिळाले नाहीत. अखेर मार्च २०२४ मध्ये प्राधिकरणाने आणखी १४ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत देण्याचे मान्य केले आणि विलंबाचा दंडही सोडून दिला. करार मोडला असता तर दुसरा पुरवठादार मिळेपर्यंत काही वर्षे गेली असती. एकदा मान अडकली की दर ठरवणारा कोण, हे वेगळे सांगायला नको.

अशी अडकलेली मान मुंबईनेही पाहिली आहे. मोनोरेलच्या गाड्या मलेशियाच्या स्कोमी कंपनीच्या होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये तिचे कंत्राट संपुष्टात आणावे लागले, तेव्हा सुटे भाग मिळवणे हेच संकट होऊन बसले. मार्ग होता, स्थानके होती, पण धावणाऱ्या गाड्या मोजक्याच उरल्या. मलेशियाशी आपले वैर नाही, तरी ही गत झाली. जो देश सीमेवर सैन्य आणून उभा करतो, त्याच्या हाती अशी किल्ली गेली तर काय होईल, याचा विचार व्हायला हवा.

सुट्या भागांहूनही मोठा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंत असतो. पूर्व समर्पित मालवाहतूक मार्गावर कानपूर ते मुगलसराय या ४१७ किलोमीटरच्या टप्प्यावरील सिग्नल आणि दूरसंचार यंत्रणेचे ४७१ कोटी रुपयांचे काम जून २०१६ मध्ये बीजिंगच्या एका सरकारी संस्थेला मिळाले होते. जुलै २०२० मध्ये ते रद्द झाले. १५ जूनला गलवानच्या खोऱ्यात २० जवानांना वीरमरण आले होते, त्यामुळे लोकांनी या निर्णयाचा संबंध गलवानशी जोडला, आणि तसे होणे स्वाभाविकच होते. परंतु कंत्राट देणाऱ्या महामंडळाने जी कारणे दिली, ती नीट वाचली पाहिजेत. चार वर्षांत काम झाले होते २० टक्के. कंपनीचे अभियंते जागेवर उपलब्ध नव्हते. आणि तिसरे कारण सर्वांत बोलके होते. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगच्या तर्करचनेसारखे तांत्रिक दस्तऐवज देण्यास ती कंपनी राजी नव्हती.

इंटरलॉकिंग म्हणजे काय? कोणता सांधा कोणत्या स्थितीत असताना कोणता सिग्नल हिरवा होईल आणि कोणता कदापि होणार नाही, हे ठरवणारी यंत्रणा. दोन गाड्या एका रुळावर समोरासमोर येऊ नयेत, याची हमी तीच देते. मार्ग आपला, जमीन आपली, गाड्या आपल्या आणि त्या कोणत्या तर्काने थांबतील वा चालतील, ते सांगायला बांधणारा तयार नाही! त्यातच २०१७ च्या चिनी राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याने तेथील प्रत्येक संस्थेवर आपल्या राज्याच्या गुप्तवार्ता कार्यास साहाय्य करण्याचे बंधन घातले आहे. कंपनीच्या संचालकांची भावना कितीही सद्भावनेची असो, या कायद्यापुढे ती टिकणार नाही.

या साऱ्यात एक गोष्ट मान्य करावीच लागते. सार्वजनिक कंत्राटाचे मोल चीनने आपल्यापेक्षा फार आधी ओळखले. २००४ मध्ये त्याला वेगवान गाड्या हव्या होत्या आणि त्या बनवण्याची विद्या जपान-युरोपकडे होती. जपानच्या कावासाकीला ६० गाड्यांची मागणी देताना चीनने अट कशी घातली पाहा. ३ गाड्या जपानमधून पूर्ण तयार होऊन याव्यात, ६ सुट्या भागांत याव्यात आणि त्या चिनी कामगारांनी जोडाव्यात, उरलेल्या ५१ चिंगदावच्या कारखान्यातच घडाव्यात, रेखाचित्रे आणि प्रशिक्षणासह. गाडी विकत घेणे हा त्यात दुय्यम भाग होता. खरी खरेदी होती ती कौशल्याची. चिंगदावचा तो कारखाना पुढे सीआरआरसीचा घटक झाला आणि बल्गेरियातील ती निम्मी बोली लावणारी उपकंपनीही त्याच वंशातील. जनतेच्या पैशाने दिलेले कंत्राट ही एक पाठशाळा असते. तिच्यात शिकणारा फिटर, वेल्डर, आरेखक कोणत्या देशाचा असावा, एवढेच सर्वांत कमी बोलीच्या रकान्यात लिहिलेले नसते.

आपल्याकडे हे घडूच शकत नाही, असे मात्र नाही. मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गासाठी डबे चीनच्या नानजिंगहून आले होते. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या आणि सातव्या मार्गासाठी ३७८ डब्यांचे काम बंगळुरूच्या बीईएमएलला मिळाले आणि एप्रिल २०२२ मध्ये त्या गाड्या प्रवाशांना घेऊन निघाल्या. पुणे मेट्रोचे १०२ ॲल्युमिनियमचे डबे टिटागढने घेतले. आरंभीचे इटलीतील तिच्या कारखान्यातून आले, नंतरचे बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार झाले. चीनने कावासाकीकडून शिकताना जो क्रम ठेवला, तोच हा क्रम.

नियमही बदलले. स्थानिक उत्पादनास प्राधान्य देणारा सार्वजनिक खरेदीचा आदेश २०१७ मध्ये निघाला. २३ जुलै २०२० रोजी, भूसीमा लागून असलेल्या देशांतील बोलीदारांनी आधी नोंदणी करावी, अशी अट वित्त मंत्रालयाने घातली. ‘वंदे भारत’च्या ४४ गाड्यांची निविदा त्याच ऑगस्टमध्ये रद्द झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये विद्युत यंत्रणेचे काम हैदराबादच्या मेधा कंपनीला मिळाले. पण नियम ही सरकारी गोष्ट आहे. राजनैतिक हवा बदलली की तो शिथिल होऊ शकतो. शिवाय चिनी कंपनीला दूर ठेवले म्हणून चीन दूर राहतोच असे नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बोगद्यासाठी लागणारी यंत्रे मागवली जर्मन कंपनीकडून. परंतु ती तयार होत होती तिच्या चीनमधील ग्वांगझूच्या कारखान्यात, आणि तेथून ती निघण्यास दीर्घ काळ अडून राहिली. कंपनी कोणाची याइतकेच कारखाना कोठे, हेही विचारावे लागते.

आणि आपला कारखानदार? त्याच्याही उणिवा झाकून चालणार नाही. ‘स्वदेशी’ या शब्दाच्या आडोशाने सुमार माल खपवणारे आपल्यात आहेत. त्यांच्यामुळेच प्रामाणिक अधिकारीसुद्धा आयातीकडे वळतो. दुसरीकडे चाकण, बुटीबोरी, वाळूजचा लघुउद्योजक उत्तम भाग बनवतो, तो तपासून स्वीकारलाही जातो आणि मग त्याचे देयक महिनोन्महिने अडकते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार त्याला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. चिनी पुरवठादार आपल्या राज्याच्या उधारीवर थांबू शकतो. आपल्या माणसाला मात्र पुढच्या महिन्याचा पगार देण्यासाठी घर गहाण ठेवावे लागते.

निविदा सूचना प्रसिद्ध असतात, महापालिकेचे ठराव मागता येतात. येथे बसलेल्यांपैकी कोणी अभियंता असेल, कोणी सनदी लेखापाल, कोणी नगरसेवक. तीस वर्षांच्या सुट्या भागांचा दर करारात आजच बांधला आहे का, तांत्रिक दस्तऐवज आणि संगणक प्रणाली कोणाच्या ताब्यात राहणार, आणि मागच्या कामाची स्थानिक पुरवठादारांची किती बिले थकली आहेत, हे तीन प्रश्न शहरातील पुढच्या मोठ्या खरेदीच्या वेळी लेखी विचारता येतील आणि लेखी उत्तर मागता येईल.